खैरनारसाहेबांचे पितळी बिल्ले

शुक्रवारी पहाटे सौदीतल्या जिझानमधल्या आमच्या वसाहतीच्या फाटकाशी खैरनारसाहेब गाडीचं मागचं दार उघडून उभे असत. दाराला आतून एक लाकडी फळी टांगलेली असे. फळीवर अकरा खिळे, खिळ्यांवर अकरा पितळी बिल्ले आणि प्रत्येक बिल्ल्यावर एकेकाचं नाव ठोकून कोरलेलं. डोंगरात शिरताना आपला बिल्ला काढून खिशात घालायचा आणि बाहेर आलं की परत खिळ्याला लावायचा. सगळी फळी भरल्याशिवाय आमच्या दोन गाड्यांपैकी एकही हलत नसे, मग कुणाच्या घरी पाहुणे येऊन बसलेले असोत, नाहीतर कुणाला दुपारची शिफ्ट असो.

ही पद्धत त्यांनी रिफायनरीतून उचलली होती. तिथे ते परमिट द्यायला बसत. मोठ्या टाकीत माणसं कामाला उतरली की तोंडाशी अशीच फळी लावतात आणि ती बघून आत कोण आहे ते कळतं. साहेबांच्या सहीशिवाय टाकीत कुणाला डोकंसुद्धा घालता येत नसे. त्यांचं म्हणणं, डोंगर म्हणजे पण एक टाकीच, फक्त तिला झाकण नाही.

साहेब नाशिक जिल्ह्यातले, बागलाणचे. किल्ल्यांच्या पायथ्याशीच वाढलेले. मी पुण्याहून नवा आलो होतो, तेव्हा ओळख करून देताना नमस्कार वगैरे बाजूला राहिला, त्यांनी आधी माझे बूट पाहिले. म्हणाले, "हे मॉलसाठी बरे आहेत, भो. डोंगरात हे तुला सोडून पुढे जातील." त्यांच्याबरोबर मी फैफा डोंगराच्या उतरणीवरची कॉफीची शेतं पाहिली, धारेवरून चालताना पायाखालून ढग जाताना पाहिले. घरी फोटो पाठवले की नातेवाईक विचारायचे, सौदीत कुठे, हे तर महाबळेश्वर दिसतंय.

चालताना ते फार बोलत नसत. जे बोलत ते ठरलेलं असे. "पाणी संपलं हे मला पाणी असताना सांगायचं." "थकलो म्हणायला लाज वाटत असेल तर पुढच्या शुक्रवारी घरी झोपा." आम्ही त्यांच्या मागे त्यांची नक्कल करायचो. मी बरी करायचो.

आता त्या दिवसाचं सांगतो. जिझानच्या पूर्वेला डोंगरात एक वादी आहे, दोन उंच कड्यांमधली अरुंद घळ. आत खजुरी आहेत, गार पाण्याचे डोह आहेत आणि एकदा आत गेलं की आभाळ वर पट्टीएवढंच दिसतं. वादीच्या तोंडाशी अबू सालेम नावाचे एक म्हातारे शेळ्या राखत. साहेब दर खेपेला आधी त्यांच्याकडे कॉफी प्यायचे, मगच आम्हाला आत सोडायचे. हवामानाचा अंदाज मोबाइलवर असतो, असं मी एकदा म्हणालो, तर म्हणाले, "मोबाइलच्या शेळ्या वाहून जात नाहीत."

त्या सकाळी अबू सालेमनी जा म्हटलं होतं. अकराच्या सुमारास मात्र साहेबांची शिट्टी तीनदा वाजली. तिचा अर्थ, हातातलं टाका आणि बाहेर पडा. आमच्या डोक्यावर लख्ख ऊन होतं. पाऊस लांबच्या धारेवर पडत होता, आणि त्याचं पाणी या घळीतूनच खाली येणार होतं.

सगळ्यांत मागे मी आणि शेखर होतो. शेखर माझ्याच विभागातला, पुण्याचाच, फोटोंचा वेडा. दुसऱ्या डोहाशी त्याने कॅमेऱ्याचा स्टँड लावला होता. म्हणाला, "दोन मिनिटं रे. माझा बिल्ला घे आणि लाव, तोवर साहेब तरी शांत राहतील." मी घेतला. यात मला काही वावगं वाटलं नाही. प्लँटमध्ये जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळे हेच करायचो. एक जण तीन-तीन बिल्ले लावायचा आणि उरलेले मागून सावकाश यायचे. पकडलं तर नोकरी जायची, पण पकडलं कुणालाच नव्हतं.

मी बाहेर आलो आणि दोन्ही बिल्ले लावले. साहेब चालकांना गाड्या वरच्या रस्त्यावर न्यायला सांगत होते. त्यांनी वळून फळीवरून नजर फिरवली. "भरली. यल्ला, चला." मला वाटलं शेखर मागोमाग येतोय, दुसऱ्या गाडीत चढेल. मी मागे वळून पाहिलं नाही.

वरच्या रस्त्यावर उतरलो तेव्हा दोन्ही गाड्यांत मिळून दहा जण होतो.

"शेखरचा बिल्ला कोणी लावला?" साहेबांनी विचारलं.

मी गप्प राहिलो. बोलता येत नव्हतं असं नाही. मला माझा इकामा, इथे राहायचा परवाना, दिसत होता, मुलीची शाळा दिसत होती. कुणीतरी म्हणालं, बिल्ला आहे म्हणजे तो बाहेर आलाय, चालत गावाकडे गेला असेल. साहेब खालच्या रस्त्याकडे निघालेसुद्धा. म्हणजे माझ्या गप्प बसण्याने ते शेखरपासून लांब चालले होते. तेव्हा कुठे मी धावत जाऊन त्यांना गाठलं आणि हळू आवाजात सांगितलं, "साहेब, मी लावला. तो दुसऱ्या डोहापाशी आहे."

ते मला मारतील असं वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "डोहाच्या कुठल्या अंगाला?"

"डावीकडे. खडकावर."

मी वादीच्या तोंडाकडे पळायला लागलो तसं त्यांनी माझी कॉलर धरली. "आत कुणी जायचं नाही. मला एक आणायचाय, दोन शोधायचे नाहीत." मग शेळ्या घेऊन वर आलेल्या अबू सालेमना हाक मारून त्यांनी हातानेच डावी धार दाखवली. म्हातारा शेळ्यांच्या वाटेने पुढे निघाला, त्याच्यामागे दोर घेऊन साहेब आणि त्यांच्यामागे मी. ती वाट जेमतेम एका पावलाची होती. उजव्या हाताला खाली सगळं रिकामं. साहेब मागे न बघता सांगत होते, "कड्याला हात लावून चाल. घाईत पडलास तर तुझ्यासाठी थांबणार नाही."

डोह दिसायच्या आधी आवाज आला. खालची जमीन हलवत काहीतरी जड ओढून आणल्यासारखा. अबू सालेम म्हणाले, "सैल." पूर आला होता. मातकट पाणी खजुरीच्या झाडांसकट वळणावरून आत शिरलं आणि बघता बघता खालचा डोह नाहीसा झाला. शेखर कड्याच्या एका कंगोऱ्यावर पाठ टेकून उभा होता. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं होतं. कॅमेरा गळ्यात.

साहेबांनी दोराचं एक टोक उंबरासारख्या एका झाडाला बांधलं आणि दुसऱ्याचा फास करून खाली सोडला. "शेखर, वर बघ. फास काखेत घे. कॅमेरा काढ." तो काढेना. दोन्ही हातांनी त्याने कॅमेराच धरला होता. पाणी मांड्यांपर्यंत आलं. साहेब अगदी घरातल्या आवाजात म्हणाले, "तुझा फोटो काढायला मला तू लागशील ना भो? सोड तो." त्याने सोडला. आम्ही तिघांनी दोर ओढला. शेखर वर आला तेव्हा साहेबांच्या तळहाताची सालं गेली होती, आणि मी मोठ्याने रडत होतो.

रस्त्यावर परतलो. सगळे गोळा झाले. माझं तोंड उघडायच्या आत साहेब म्हणाले, "माझी मोजणी चुकली. माणसं मोजायची सोडून मी पत्रे मोजले." परतीच्या वाटेवर पेट्रोल पंपाशी बाकीचे उतरले, तेव्हा गाडीत आम्ही दोघंच राहिलो. मी बोलायला लागलो तसं त्यांनी थांबवलं. "तुझं नाव कळलं तर परवा तुझा फायनल एक्झिट, कायमचा घरी. पुन्हा करशील का? नाही ना? मग खलास."

मी पुन्हा तसं केलं नाही. पण त्यांचं मात्र व्हायचं ते झालं. पुढच्या शुक्रवारी फाटकाशी चार जण आले, त्याच्या पुढच्या शुक्रवारी मी एकटा. बायका नवऱ्यांना सोडेनाशा झाल्या. परमिटच्या टेबलावर कालची पोरं म्हणायची, "साहेब, नीट मोजा हं." ते सही करून कागद पुढे सरकवायचे. शेखरलाही सगळं ठाऊक होतं. त्याने आपली चूक आपल्यापाशी ठेवली आणि काही महिन्यांत यान्बूला बदली घेतली. वर्षभराने साहेबच कायमचे परत गेले. निरोपाच्या जेवणात मी भाषण केलं. त्यांची शिस्त, फैफा, बूट, सगळं बोललो. वादीबद्दल बोललो नाही. ते पुढच्याच खुर्चीत बसून हसत ऐकत होते.

गेल्या महिन्यात ते सटाण्याला वारले. मोबाइलवरच्या आमच्या जुन्या गटावर श्रद्धांजलीचे निरोप येऊ लागले. त्यांत एकाने लिहिलं, माणूस देवासारखा, त्या एका दिवसाची चूक सोडली तर. मी ते दोनदा वाचलं आणि खाली लिहिलं की चूक त्यांची नव्हती, तो बिल्ला मी लावला होता. पुढे काय काय झालं तेही लिहिलं. 

संध्याकाळी वहिनींचा, साहेबांच्या पत्नीचा, फोन आला. मुलाने त्यांना वाचून दाखवलं होतं.

"पराग भाऊजी, ते तुम्ही होतात होय?" त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, यांचंच चुकलं. किती बोलायचे हो मी त्यांना त्यावरून. ते बाजारात निघाले तरी मी म्हणायचे, पिशव्या मोजून आणा, तुमचं मोजणं माहितीये मला. चार पाहुण्यांसमोरसुद्धा मी म्हणायचे. ते नुसते हसायचे."

मी माफी मागितली. ती त्यांना ऐकू गेली की नाही कोण जाणे.

"एकदा तरी मला सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. हे मला होतं की साहेबांना, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.