राखणदाराच्या मागचा डबा

ते प्रकरण आठवलं की आजही माझी कानशिलं तापतात. खून नव्हता, दरोडा नव्हता, वर्तमानपत्रात त्याच्या चार ओळीही आल्या नाहीत. नोकरीत गाजलेली कितीतरी प्रकरणं मी विसरून गेलो, हे मात्र विसरता आलं नाही. यात गुन्हेगार एकही नव्हता आणि चुकलेले सगळे होते. त्यात मीही आलो.

निवृत्तीला दीडेक वर्ष उरलं होतं. पेडणे तालुक्यातल्या एका ठाण्यावर मी निरीक्षक होतो. काजूचा हंगाम होता, सगळ्या मुलखाला बोंडूंचा आंबूस वास सुटलेला. सकाळची हजेरी आटोपून चहात उंडो पाव बुडवत होतो, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडचा माणूस दबक्या आवाजात म्हणाला, "साहेब, कोरगावच्या वाटेर त्या भाटकाराच्या बागेत एका बायलेक धरून ठेवलेला हा. बेगीन येवा." नाव विचारलं तर फोन बंद. निनावी फोन करणाऱ्याला लोक भित्रा म्हणतात. मी म्हणत नाही. तीस माणसांच्या घोळक्यात तेवढा एकच शुद्धीवर होता.

हवालदार आणि महिला शिपाई यांना घेऊन मी जीपनं निघालो. बागेच्या टोकाला एका जुन्या झाडाखाली राखणदाराचं स्थान आहे. तिथं मूर्ती नाही, छप्पर नाही, शेंदूर लावलेला एक दगड आणि त्याच्यामागे रचलेले चिरे एवढंच. गावाची हद्द तो राखतो अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. त्या दगडापासून दहा पावलांवर पन्नाशीची एक बाई जमिनीवर बसली होती. केस सुटलेले, डाव्या गालावर पाच बोटं उमटलेली. ती सिंधुदुर्गातली. वीस वर्षांपासून त्या बागेत राखणीला आणि भाटकाराच्या, म्हणजे बागमालकाच्या, घरात कामाला. त्याची मुलगी तिच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. ती मुलगी आता अठरा वर्षांची होती आणि मेंदूला ताप चढून चार दिवस इस्पितळात बेशुद्ध पडली होती.

भाटकारानं मला हाताला धरून चिऱ्यांपाशी नेलं. दोन चिऱ्यांच्या फटीत प्लॅस्टिकचा डबा होता, वरून मातकट रंगाची पट्टी गुंडाळलेली. सकाळी मुलीसाठी नारळ ठेवायला तो आला तेव्हा त्याला तो दिसला. आत कापडाची बोटभर बाहुली, तिच्या छातीत टाचणी खुपसून लावलेला बिल्ला, लाल दोरा, परदेशी नाणं, कागदाची एक सुरळी आणि तिच्यावर नावंच नावं, प्रत्येक नावापुढे तारीख. सगळ्यांच्या वर त्याच्या मुलीचा फोटो.

"हिना करणी केल्यान हा आमच्या चेडवार," भाटकार म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता. "हय झाडूक दुसरा कोण येणा नाय. हीच येता."

बाप होता. चार रात्री झोपला नव्हता. त्याला मी आजही फार बोल लावत नाही. पण त्याच्या बायकोनं त्या बाईच्या कानाखाली वाजवली तेव्हा गावातली शिकलीसवरलेली माणसं हाताची घडी घालून बघत उभी होती, त्यांच्यासाठी माझ्याकडे एकही चांगला शब्द नाही. त्यांतला एकजण तर मोबाईलवर चित्रण करत होता. तो मोबाईल मी आधी काढून घेतला.

हवालदारानं पंचनामा केला. चांगला अनुभवी माणूस, पण डब्याला हात लावायला तयार नाही. काजूच्या फांदीनं एकेक वस्तू बाहेर ओढत त्यानं यादी लिहिली. डब्याच्या तळाशी घडी घातलेला एक कागद होता. त्यात मंत्र असेल या भीतीनं त्यानं घडी उघडली नाही, पंचांनीही उघडली नाही. पंचनाम्यात लिहिलं, ‘घडी केलेला एक कागद, मजकूर अज्ञात.’ आणि त्याखाली मी सही ठोकली. छत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसानं ‘मजकूर अज्ञात’ या शब्दांखाली सही केली, जणू तो कागद चंद्रावर ठेवला होता!

पुढची चूक त्याहून मोठी. ठाण्यावर आल्यावर मी आधी भाटकाराची तक्रार घेतली. तो खुर्चीवर बसला, त्याला पाणी दिलं. जिला मार बसला होता ती बाहेरच्या बाकावर होती. करणीला कुठलं कलम लावायचं हे त्याला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. शेवटी घरातून फोटो चोरल्याचा संशय आणि धमकी, असं काहीतरी जुळवून लिहून घेतलं. भाटकार जाताना म्हणाला, "ती आता आमच्या हद्दीत दिसता नये, साहेब." म्हणजे वीस वर्षांचं काम, बागेतली खोली, चार भांडी, सगळं संपलं. आणि आपल्या गावी परतली तर तिथंही करणी करणारी म्हणून तिच्याआधी बातमी पोचलेली असणार. नवरा कधीच गेलेला, मागेपुढे कोणी नाही.

मग तिला आत घेतलं. महिला शिपाई शेजारी बसली.

"फोटो तू ठेवलास?"

"होय."

"कुठून आणलास?"

"चेडवान दिलेलो. कॉलेजाचे फोटो काडलेले, त्यातलो एक उरलो."

"तिथं का ठेवलास?"

मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. ती फक्त इतकंच म्हणाली, "माका मारा साहेब, पण ह्या विचारू नकात. सांगलंय तर फुकट जायत."

गप्प बसणाऱ्या माणसांचे दोन प्रकार मी पाहिलेत. एकाला स्वतःला वाचवायचं असतं, तो दाराकडे, घड्याळाकडे, तुमच्या हातांकडे बघतो. दुसऱ्याला दुसरं कुणीतरी वाचवायचं असतं, तो कुठेच बघत नाही. ती कुठेच बघत नव्हती. हे मला तेव्हाच कळलं होतं, तरी मी तासभर तिच्यावर खेकसत राहिलो.

दुपारी जेवण बाजूला सारलं. मुद्देमालाची पिशवी पुढे ओढली आणि तो अज्ञात मजकूर उघडला. छापील इंग्रजी होतं. ‘नमस्कार! तुम्हाला चुकून सापडलेला हा डबा एका खेळाचा भाग आहे. जगभर लोक असे डबे लपवतात, उपग्रहाच्या खुणेवरून शोधतात आणि आतल्या सुरळीवर नाव-तारीख लिहून जातात. कृपया तो आहे तिथेच ठेवा.’ खाली लपवणाऱ्याचं खेळातलं टोपणनाव. सकाळपासून एक बाई बाकावर बसून होती, कारण पाच शहाण्या माणसांपैकी एकानंही एक घडी उलगडली नव्हती.

संगणकावर त्या खेळाचा नकाशा उघडला आणि मी थक्क झालो. माझ्या हद्दीत असे नऊ डबे होते. ओहोळाच्या पुलाखाली, पडक्या खाणीच्या कडेला, मोपाच्या विमानतळाच्या रस्त्यावर मैलाच्या दगडामागे. हद्दीतला प्रत्येक दारूचा अड्डा मला माहीत होता, हे माहीत नव्हतं. राखणदाराच्या डब्याखाली शोधणाऱ्यांनी आपले अनुभव लिहिले होते. एकानं लिहिलं होतं, ‘एक म्हातारी झाडू घेऊन हलायलाच तयार नव्हती. पक्ष्यांचे फोटो काढत असल्याचं नाटक करून अर्धा तास थांबलो.’ दुसऱ्यानं लिहिलं होतं, ‘ती दिवा लावून गेल्यावर दोन मिनिटांत काम झालं.’

दिवा लावताना पाहिलं होतं! म्हणजे ती पूजेची जागा आहे हे प्रत्येकाला दिसलं होतं. आणि ज्या बाईमुळे ती जागा स्वच्छ होती ती यांना अडचण वाटली. खेळ न खेळणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी त्यांच्यात एक खास शब्दही आहे, आणि अशा माणसांच्या नजरेला न पडणं हे कौशल्य मानतात.

टोपणनावावर निरोप पाठवला. तासाभरात डबा लपवणारा हजर. मोठ्या शहरातून येऊन शेजारच्या गावात भाड्याच्या बंगल्यात राहणारा, घरूनच नोकरी करणारा तिशीचा माणूस. चेहऱ्यावर हसू. पोलिसांनाही खेळात रस आहे असं त्याला वाटलं असावं.

"मी सगळे नियम पाळलेत सर," तो म्हणाला. "खणायचं नाही, झाडाला खिळा मारायचा नाही, खाण्याची वस्तू ठेवायची नाही. डब्यातली वस्तू घेतली तर तिच्या तोडीची दुसरी ठेवायची."

"आणि जागेच्या मालकाची परवानगी?"

"तोही नियम आहे. त्या रकान्यात मी खूण केली होती."

"विचारलं कुणाला?"

"तिथं कुणीच नव्हतं, सर."

"राखणदार होता," मी म्हणालो. त्याला काही कळलं नाही. मग मी त्याला बाहेरच्या बाकावरची बाई दाखवली, तिचा गाल दाखवला, आणि जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो पांढराफटक पडला. बाहेर जाऊन त्यानं हिंदीत तिची माफी मागितली. तो कुणी वरचा साहेब असावा असं समजून तिनंच उलट त्याला हात जोडले. ते पाहून माझा संताप आणखी वाढला.

डब्याचा उलगडा झाला, फोटोचा राहिला होता. तो उलगडला आमच्या महिला शिपायामुळे. ती डिचोलीकडची. तिनं हळूच मला सांगितलं, "साहेब, तिचे पांय पळयात."

पाय भेगाळलेले, टाचेत काटा मोडलेला. शेजारी पिशवी होती आणि पिशवीत धडधाकट चपला. त्या उन्हात जांभ्या दगडाच्या वाटेवरून ही बाई चपला बरोबर घेऊन अनवाणी चालत होती. आम्ही सकाळपासून तिच्या तोंडाकडे बघत होतो, पायांकडे कुणीच बघितलं नव्हतं.

"हें आंगवणीचें दिसता," शिपाई म्हणाली. आंगवण म्हणजे नवस. फेडेपर्यंत तो सांगायचा नसतो.

मी तिच्यासमोर खाली बसलो. म्हणालो, "आंगवण काय ते सांगू नकोस. मुलीसाठी केलीस ना, एवढंच सांग."

आणि ती बाई दिवसभरात पहिल्यांदा रडली. "चेडू घरी येयसर व्हाणा घालूचंय नाय, असा म्हटलंय. झाडताना डबो गावलो, आत कागदार कोणी कोणी लिवलेला होता. माका वाटला, लोक राखणदाराक नावां कळवतत. माका लिवूक येणा नाय. म्हणान फोटो ठेवलंय."

न विचारताच तिनं सांगून टाकलं आणि लगेच तोंडावर हात ठेवला. नवस मोडला असं तिला वाटलं. डब्यातली एकही वस्तू तिनं घेतली नव्हती. जवळची एकुलती एक चीज तेवढी ठेवली होती.

मी तिची तक्रार लिहून घ्यायला कागद पुढे ओढला. मारहाण झाली होती, साक्षीदार होते, चित्रण माझ्या ताब्यात होतं. ती नको म्हणाली. "तेंच्या घरात दुखणा आसा, साहेब." मी ओरडलोच तिच्यावर. तरीही नको. शेवटी ठाण्याच्या डायरीत सगळी हकिकत नोंदवली, भाटकाराला बोलावून कागद दाखवला, वेबसाइट दाखवली, सगळं समजावलं. त्यानं ऐकून घेतलं, तक्रार मागे घेतली, "बरा" म्हणाला आणि गेला. बाकावरच्या बाईकडे त्यानं मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. तिची राहायची सोय महिला शिपायानं आपल्या घरी केली.

तिसऱ्या दिवशी मुलगी शुद्धीवर आली. पुढच्या आठवड्यात घरी आली. आणि भाटकाराची बायको पेढ्यांचा पुडा घेऊन ठाण्यावर!

"साहेब, तुमी डबो काडलात नि तिसऱ्या दिसा आमचा चेडू उठान बसला. तुमचे उपकार."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन तास खर्ची घालून नवऱ्याला समजावलं होतं, कागदोपत्री सिद्ध केलं होतं, आणि मुलगी बरी झाली हाच गावानं करणीचा पुरावा मानला. पेढे मी घेतले नाहीत. "ज्या बाईला मारलंत तिला नेऊन द्या," म्हणालो. ती पुडा उचलून तरातरा निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मार खाल्लेली ती बाई आली. "साहेब, माका थंय जावक देनत नाय. आंगवण फेडूक व्हयी."

दुसऱ्याच्या लेकरासाठी देवाचे आभार मानायला त्या बाईला पोलीस बंदोबस्त लागला. मी तो दिला. भर दुपारी गणवेशात, जीप घेऊन. गाव जमलं, भाटकार आणि त्याची बायकोही. कुणी वाट अडवली नाही आणि कुणी पुढेही आलं नाही. तिनं नैवेद्याचा रोट ठेवला, नारळ ठेवला. आता गाऱ्हाणं, म्हणजे देवाला मोठ्यानं विनवणी, घालायला हवं होतं. ते मानकऱ्यानं घालायचं असतं, पण मानकरी घरातून बाहेरच पडला नाही. तेव्हा तिनं पदर खोचला आणि स्वतःच सुरू केलं.

"बा राखणदारा, आज ह्या तुझ्या लेकरान केलेली आंगवण गोड मानून घे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. तसा होकार मिळाला नाही तर गाऱ्हाणं अर्धंच राहतं. तीस-चाळीस माणसं, एकाचंही तोंड उघडलं नाही. ती थांबली. तिनं मागे वळून पाहिलंसुद्धा नाही, नुसती थांबून राहिली.

मी देवाधर्माच्या फार वाटेला जाणारा माणूस नव्हे. पण टोपी काढली आणि मोठ्यानं म्हणालो, "व्हय म्हाराजा!" मागून महिला शिपाई म्हणाली.

"ज्या चेडवाक उठवलंस, तेका शंभर वर्सा दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता हवालदारही म्हणाला.

मग तिनं त्या घरातल्या माणसांची एकेक करून नावं घ्यायला सुरुवात केली. आजी, काका, भाटकार. प्रत्येकाला सुखी ठेव, कुणाचं काय चुकलंमाकलं असेल ते पदरात घे.

इतकी वर्षं झाली, लोक मला विचारतात, नोकरीत काय शिकलात? मी सांगतो, कागदाची घडी उलगडा, आणि जिला मार बसलाय तिचा जबाब आधी घ्या. तरण्या पोलिसांना ते पटतं, ते मान डोलावतात. पण त्या दिवशी जे शिकलो ते मला अजून जमलेलं नाही. सगळ्यांत शेवटी तिनं भाटकाराच्या बायकोचं नाव घेतलं. तिला सुखी ठेव म्हाराजा, म्हणाली, आणि होकारासाठी थांबली. मी दात आवळून उभा होतो. ती थांबूनच राहिली, त्या उन्हात, पाठमोरी, मी म्हणेपर्यंत.