साधनापेक्षा चकचकीत

कारंज्याच्या भागिरथाबाईला गल्लीत कुणी वाईट म्हणणार नाही. दाराशी आलेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडायची नाही; कुणाचं बाळंतपण असो की लग्न, पदर खोचून हजर. पण धाकट्या जावेचं, साधनाचं, नाव निघालं की बाईच्या अंगाचा तिळपापड होतो. त्या रोगाला औषध नाही.

दोघा भावांनी घर वाटून घेतलं, तेव्हा तळघरावरची सागवानी फळ्यांची बैठक मधे भिंत घालून अर्धी अर्धी केली. सासू मनकर्णाबाई काही अर्धी करता येईना, म्हणून तिची पाळी ठरली. एका अखजीपासून, म्हणजे अक्षय तृतीयेपासून, दुसऱ्या अखजीपर्यंत एकीकडं. यंदाच्या अखजीपासून पाळी भागिरथाची.

माघात साधनानं आपल्या फळ्या घासून त्यांना नुसतं जवसाचं तेल पाजलं. चमक ना धमक. तरी म्हातारी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "साधनाची जमीन पायाले लय बरी लागते." भागिरथानं त्यातलं 'साधना' तेवढं ऐकलं. सासूनं एकदा तरी आपलं नाव असं कौतुकानं घ्यावं, एवढ्यासाठी ती झुरत होती.

साधनाकडं काम केलेल्या त्याच पॉलिशवाल्या रतनसिंगला तिनं बोलावलं. त्यानं रंगांचं कार्ड उघडलं. मधाचा, अक्रोडाचा, शिसवाचा काळाभोर.

"साधनाकडं कोणता देल्ला?"

"रंग नाईच काकू. तेल."

"मंग मले सगळ्यात काया द्या. अन् वरून अशी चमक, का तोंड दिसलं पाह्यजे."

"आधी एका फळीवर लावून पाहू. साधनाताईनं आजीले फळीवर चालवून पाह्यलं, मंगच ठरोलं."

झालं! मिरच्या झोंबल्या. "मले तिचं कायले सांगता? लावा म्हणलं न!"

पॉलिशचे तीन हात झाले. जमीन अशी लखलखली की समोरची बेबीताई म्हणाली, "काच बसोली काय व?" भागिरथाला मूठभर मांस चढलं. साधनानं येऊन बघावं आणि जळावं, म्हणून तिनं दार दिवसभर सताड उघडं ठेवलं.

अखजीला घागर पुजून झाली आणि सासू आली. मागं अंथरूण घेऊन साधना. उंबऱ्यातच म्हातारी थबकली.

"वली हाय काय व? पानी सांडलं?"

"नाई आत्याबाई, कोल्ली ठाक हाय. या न."

म्हातारीनं काठी टेकली. काठी सर्रकन पुढं गेली. भागिरथानं धावत जाऊन हात पुढं केला. सासूनं मागं वळून साधनाचा दंड धरला.

"मले भेव लागते व माय. मी आपली साधनाकडंच राह्यतो."

पाळी भागिरथाची आणि अंथरूण परत चाललं! भर सणाला. साधनानं अंथरूण पुन्हा काखोटीला मारलं, आणि भागिरथाला त्याचाही राग आला. दार लावून ती त्या काळ्या आरशावर मटकन बसली आणि ढसाढसा रडली. मग तिनं रतनसिंगला फोन लावला.

"सारं खरडून काढा, भाऊ."

"काढतो. मंग कोणतं लावू?"

भिंतीपलीकडं म्हातारी कशाला तरी खळखळून हसली. रतनसिंगनं दोनदा "हॅलो, हॅलो" केलं.

"साधनाकडं लावलं, तेच," भागिरथा म्हणाली.