तीन बोटांचं माप

वच्छलेला मोजायला पट्टी कधी लागली नाही. हार हातानं मोजायचा, गजरा वितीनं, आणि दोन फुलांमधलं अंतर बोटानं. अमरावतीत अंबादेवीच्या देवळाच्या वाटेवर अठ्ठावीस वर्षं ती फुलं घेऊन बसते, पण देवीच्या हारात एक फूल कधी इकडचं तिकडं झालं नाही. माणसाच्या तोंडाचं मापही बोटांनीच घेतात, हे मात्र तिला फार उशिरा कळलं.

तिला दोन लेक. थोरला जीवन, धाकटा शुभम. नवरा सहदेव शहराबाहेरच्या दीड एकराच्या मळ्यात शेवंती, झेंडू काढायचा आणि पहाटे चारला पोती घेऊन फुलांच्या हर्रासाला, म्हणजे लिलावाला, जायचा. दहावी झाल्यापासून जीवन त्याच्यासोबत जाऊ लागला. हर्रास बोलणारा माणूस एका दमात भाव बोलत सुटतो, श्वास कुठं घेतो ते कळत नाही. जीवनला त्याचं फार अप्रूप. घरी येऊन तो शुभमसमोर तसंच बोलून दाखवायचा. भाव नाही, घरातल्याच गोष्टी. वरणात मीठ नाही, बाबाची गाडी किक मारून मारून थकली, शेजारच्या सुंदराबाईचा कोंबडा दुपारी आरवतो. सगळं यमक जुळवून, एकाला एक लावून. शुभम मांडीवर ताल धरायचा आणि जीवनचा दम जिथं संपेल तिथून पुढची ओळ उचलायचा.

"हे काय व्हय बे?" सहदेवनं एकदा विचारलं.

"रॅप व्हय बाबा."

"म्हणजे भांडण?"

"भांडणच, पण तालात."

"मंग तुमच्या मायले शिकवाची काही गरज नाही," सहदेव म्हणाला, आणि वच्छलेनं त्याच्या अंगावर झेंडूचं बोंड फेकलं.

घरात बाज एकच. दोघं भाऊ मोठे झाले तरी तिच्यावरच झोपायचे, आणि रोज जागेवरून वाद. त्या वादाचंच जीवननं गाणं केलं, 'सरक बे थोडा'. जीवन म्हणायचा, "सरक बे थोडा," आणि शुभम म्हणायचा, "कुठं सरकू दादा, इकडं भिंत हाय." मग एका बाजेवर दोघं, एका सायकलवर दोघं, एका ताटात दोघं, असं गाणं पुढं जायचं. अंगावर गोधडी घेऊन, आत फोन धरून त्यांनी ते रेकॉर्ड केलं आणि दोघांच्या जोडीला 'सख्खे' नाव देऊन इंटरनेटवर टाकलं. लॉकडाऊनचं वर्ष होतं. लोक घरात बसलेले. रस्ते उघडल्यावर महिन्याभरात ते गाणं अमरावतीच्या ऑटोंमध्ये वाजायला लागलं. पुढच्या वर्षी वरातीत बँडवाले वाजवू लागले. मग कॉलेजांच्या गॅदरिंगची बोलावणी आली. शुभमला अकोल्यात मोबाईलच्या दुकानात नोकरी लागली होती, त्यानं तिकडचीही ओळख वाढवली. अकोल्याची पोरं तर 'सख्खे'साठी वेडी झाली.

लोकांना सगळ्यात आवडायचा तो जीवनचा आवाज. दातावर दात ठेवून, ओठ जेमतेम हलवून तो शब्द असे दाबून बाहेर काढायचा की जसं दगडाखालून पाणी. आधी तो तसा बोलायचा नाही. हळूहळू बोलायला लागला. लोक म्हणाले, ही स्टाईल. पोरं त्याची नक्कल करायला लागली. शुभमही करून बघायचा, पण त्याला ते जमायचं नाही, त्याचं तोंड मोठं होऊन जायचं. जीवन हसायचा.

आता वच्छलेच्या जिवाला जे लागून राहिलं आहे ते सांगायला हवं. सहदेवला खर्ऱ्याची सवय. भाजलेली सुपारी कातरून, तंबाखू आणि चुना टाकून प्लास्टिकच्या पन्नीत घोटायची, आणि गालात धरून बसायचं. आपल्याकडं चौकाचौकात मिळतो. पहाटे चारला झोप आवरत नाही म्हणून जीवननंही बापाच्या पन्नीत बोटं घातली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. वच्छला रागावली. त्यानं ऐकलं नाही. तेव्हा तिनं विचार केला, खाणारच आहे तर बाहेरचं कशाला, कोण कसला चुना टाकतं देव जाणे. बापाचा घोटते तसा त्याचाही घरीच घोटीन. सुपारी ती स्वतः निवडून आणायची. देवाची फुलं ओवायच्या आधी हात साबणानं तीनदा धुवायची. दहा-अकरा वर्षं तिनं थोरल्या लेकाला तिच्या हातचा स्वच्छ खर्रा दिला.

गाणं चाललं म्हणून तिनं मळ्यातल्या मारुतीला बोललेला नवस फेडला. रोडगे केले. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे, वरून कडक, आतून पदर सुटलेले. सोबत वरण आणि वांग्याची भाजी. तीस-चाळीस माणसं जेवायला बसली. सगळे रोडगा दातानं तोडत होते. जीवन एकटाच तो बोटांनी कुस्करत होता. पार भुगा केला, वरणात कालवला आणि खिरीसारखा ओढून प्यायला.

सुंदराबाई समोरच बसली होती. "कारे जीवन, मोठा कलाकार झाला तं रोडगा चावाले बी नौकर ठेवतं का?"

पंगत हसली. जीवनही हसला, पण त्याचं हसणं डोळ्यांतच राहिलं. ओठ उघडले नाहीत. ते फक्त वच्छलेनं पाहिलं. जेवणं झाल्यावर तिनं त्याला झाडामागं बोलावलं.

"तोंड उघड पाहू."

"काय वं आई. लहान हाव काय मी?"

तिनं शुभमला सांगितलं, "दादाचं तोंड उघडत नाही रे."

"आई, ती स्टाईल हाय त्याची," शुभम म्हणाला. "लोक त्याच्यासाठीच तं येतात."

वच्छलेला रॅपमधलं काय कळतं, म्हणून ती गप्प बसली. आठ महिने गेले. एक दिवस जीवननं पेढा तोंडात घालायला चमच्यानं त्याचे चार तुकडे केले, तेव्हा तिनं त्याचं मनगट धरलं आणि त्याला डॉक्टरीणबाईंकडं नेलं.

त्या दातांच्या डॉक्टर होत्या, वयानं लहान. त्यांनी आत पाहायचा प्रयत्न केला, मग वच्छलेला म्हणाल्या, "आई, तुमची तीन बोटं उभी धरून त्याच्या दातांमधून आत जातात का बघा. जायला पाहिजेत."

एक गेलं. दुसरं अडलं.

"आतली कातडी आवळत चालली आहे," त्या म्हणाल्या. "खर्रा कधीपासून?"

जीवन खाली पाहत राहिला. वच्छलेनंच उत्तर दिलं. "अकरा वर्षं झाले बाई. पण घरचाच हाय. बाहेरचा नाही खाऊ देल्ला मी."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि तिच्याकडं पाहिलं. त्या काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवशी सहदेवनं आपली पन्नी नालीत फेकली. तीस वर्षं खाऊन त्याचं काही बिघडलं नव्हतं आणि लेकाचं बिघडलं, ही बोच त्याला जन्मभर पुरेल.

मग काड्या सुरू झाल्या. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, आणि दर चार-पाच दिवसांनी त्यांत एक वाढवायची, म्हणजे तोंड हळूहळू उघडतं. बारापासून सुरुवात झाली. वच्छला देवपूजा झाली की काड्या धुऊन, पुसून जीवनच्या हातात द्यायची. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं, तो सोडायचा नाही. शुभम अकोल्याहून फोन करायचा. "आज किती?"

"पंधरा," वच्छला सांगायची.

"दादाले म्हण वीस झाले की नवीन गाणं."

जीवन बाजूला बसून वहीत ते गाणं लिहीत होता. अकोल्याच्या एका कॉलेजनं जानेवारीची तारीख धरली होती. वच्छलेनं मारुतीला पुन्हा रोडगे बोलले. या वेळी मागणं एवढंच, जीवननं एक अख्खा रोडगा दातानं तोडून खावा.

एकोणिसाव्या काडीवर गाडी अडली. उजव्या गालात आत एक जखम होती, ती भरेना. नागपूरला नेलं. तिथं तपासलं, आणि जे घरात कोणी तोंडानं म्हणत नव्हतं ते कागदावर लिहून आलं. ऑपरेशन झालं. उजवा गाल, जबड्याचं हाड, जिभेची एक कड गेली. छातीवरचं मांस लावून गाल शिवला. जीव वाचला. बोलणं मात्र असं झालं की फक्त वच्छलेला आणि शुभमला समजायचं, बाकीच्यांना नुसता आवाज ऐकू यायचा. जीवन दुपट्ट्यानं तोंड बांधून बसायला लागला. घरातही. भावासमोरही.

शुभम म्हणाला, अकोल्याला नाही म्हणून कळवतो. जीवननं फोनवर लिहून दाखवलं, "तारीख फिरवायची नाही. दोन्ही ओळी तूच म्हण."

जानेवारीत वच्छला आणि जीवन एसटीनं अकोल्याला गेले. कॉलेजच्या मैदानात दुपारचा कार्यक्रम, पोरं खच्चून भरलेली. दोघांना कडेला खुर्च्या दिल्या. शुभमनं सुरुवात केली, मोकळ्या गळ्यानं, आणि पोरं जरा थंडच राहिली. मग 'सरक बे थोडा' आलं. त्यानं एक दम घेतला, दातावर दात ठेवले, आणि जीवनचा आवाज काढला. हुबेहूब. मैदान उसळलं.

वच्छलेनं जीवनकडं पाहिलं. दुपट्ट्यावर फक्त डोळे दिसत होते. गुडघ्यावर त्याची बोटं ताल धरून होती. स्वतःची ओळ आली तशी ती बोटं थांबली, आणि शुभमची ओळ येईपर्यंत थांबूनच राहिली.

मागची दोन पोरं बोलत होती. "काय आवाज काढते बे हा. दात न उघडता."

"लय प्रॅक्टिस लागते त्याले."

दुसऱ्या दिवशी शुभम सुटी घेऊन त्यांच्यासोबत अमरावतीला आला. वच्छलेनं त्याची पँट धुवायला घेतली. खिशात बारीक गुंडाळलेली पन्नी होती. तिनं उघडून नाकाशीही नेली नाही. चिमटीत धरून बाहेरूनच पाहिली. सुपारी जाडी कातरलेली, चुना नीट न घोटलेला. हा बाहेरचा होता.

शुभम बाजेवर बसून फोन पाहत होता. तिनं पन्नी त्याच्या समोर धरली.

"कधीपासून?"

त्यानं फोन बाजेवर उलटा ठेवला. "दादाचा आवाज निघतच नाही ना आई त्याच्याबिगर. गाल भरला की मंगच तसा निघते. लोकाइले तोच पायजे."

"कधीपासून, म्हणते मी."

"तीनेक वर्ष झाले. दादाची नक्कल करून पाहत होतो तेव्हापासून."

"तोंड उघड."

त्यानं उघडलं. एक बोट गेलं. दुसरं गेलं. तिसरं नखापर्यंत गेलं आणि अडलं.

जीवन दारात उभा होता. कधी आला ते कळलं नाही. तो आत आला, बाजेजवळ थांबला आणि त्यानं दुपट्टा सोडला. ऑपरेशननंतर पहिल्यांदा त्यानं भावाला आपला चेहरा दाखवला. शिवलेला गाल, एका बाजूला ओढलेला ओठ, त्यातून गळणारी लाळ. शुभमनं मान फिरवली. जीवननं त्याची हनुवटी धरून पुन्हा आपल्याकडं केली आणि तशीच धरून ठेवली, बघून होईपर्यंत.

मग तो काहीतरी बोलला. परक्याला ते नुसतं घशातलं घरघरणं वाटलं असतं. वच्छलेला कळलं. शुभमलाही. बाजेवर हवी तेवढी जागा होती, तरी शुभम सरकला, पार भिंतीला जाऊन टेकला, आणि जीवन त्याच्याजवळ बसला. पुढची ओळ शुभमची होती. ती त्याला म्हणता आली नाही. त्यानं भावाच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि वच्छला ओल्या हातानं तशीच उभी राहिली.

'सख्खे' त्या दिवसापासून बंद आहे. शुभमनं अकोल्याला तसं कळवलं. पोरांनी खूप विचारलं, त्यानं कारण सांगितलं नाही. जीवननं लिहिलेलं नवीन गाणं वहीतच आहे. जुनं मात्र अजून वाजतं. देवळाच्या वाटेनं एखादा ऑटो जातो, जीवनचा आवाज येतो, आणि वच्छलेच्या हातातली सुई थांबते.

शुभमच्याही काड्या आता सुरू आहेत. तो शनिवारी येतो आणि सोमवारी सकाळी अकोल्याला परत जातो. निघण्याआधी देवाला हात जोडून तो आईसमोर बसतो आणि काही न सांगता तोंड उघडतो. वच्छला तीन बोटं उभी धरते. तिच्या हाताला शेवंतीचा वास असतो. तिसरं बोट परवा पहिल्या पेरापर्यंत गेलं.

ती माप घेते तेवढा वेळ जीवन भिंतीकडं तोंड करून बसतो. मारुतीचे रोडगे अजून करायचे राहिले आहेत, आणि ते कोणाच्या नावानं करायचे हे तिला देवाला विचारवत नाही.