लातूर ते हिमायतनगर: शाळेच्या सावलीतला घरचा सामना

आमच्या मुलींच्या बास्केटबॉल लीगमध्ये संघ चारच: लातूर, मुरुड, लोहा आणि हिमायतनगर. नियम मात्र मी चाळीस संघांच्या थाटात केलेत. त्यातला एक तर माझा हट्टच आहे. दिवाळीआधीच्या शेवटच्या रविवारपर्यंत प्रत्येक संघानं एक तरी सामना स्वतःच्या गावात खेळवायचा, नाहीतर लीगबाहेर. मी शाळेत असताना जिल्ह्यापर्यंत खेळले, पण सामने सगळे बाहेरगावी. आमच्या घरातल्या एकानंही मला कधी खेळताना बघितलं नाही. ते मला अजून लागतं.

तिघांचे घरचे सामने झाले, हिमायतनगरचा राहिला. "कोर्ट मोकळं नाही," हे कारण दोनदा आलं. शेवटचा रविवार उजाडायला आला तेव्हा मी विचारायचं सोडूनच दिलं. म्हटलं, लातूरच्या पोरी घेऊन मीच येते, बघते कसं मोकळं होत नाही ते!

पहाटे पाचला क्रूझर दारात उभी होती. आठ मुली, चालक आणि मी. लातूरची कर्णधार शिवलीला, किराणा दुकानदाराची लेक, डबाभर सुशीला घेऊन आली होती. मुरमुऱ्यांचा हा प्रकार गरम असेतो अमृत, नंतर चिवट. त्यामुळे आम्ही तो चाकूर यायच्या आतच संपवला.

तुम्हाला हा रस्ता करायचा असेल तर सांगते. अहमदपूर, लोहा करत नांदेडपर्यंत रस्ता बरा आहे. लोह्याला स्टँडसमोर चहा घ्या, पुढं घाई होते. नांदेडच्या पुढं भोकर आणि मग हिमायतनगर. एसटीनं निघालात तर बायकांना अर्धं तिकीट आहेच, पण गाड्या बदलाव्या लागतात. नांदेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या काही रेल्वेही हिमायतनगरला थांबतात, वेळ आधी बघून घ्या. आणि धपाटे घरूनच न्या. आमचे भोकरला संपले आणि मग पोरींनी माझं डोकं खाल्लं.

रस्त्याच्या कडेनं जिथं म्हणून डांबर दिसेल तिथं सोयाबीन वाळत घातलेलं. शिवलीला म्हणाली, "मॅडम, सगळा जिल्हाच उन्हात टाकलाय!" मी हसले. तेव्हाच डोक्यात उजेड पडायला हवा होता.

तो पडला दुपारी बाराला. हिमायतनगरच्या पोरींची शाळा गावाच्या थोडी बाहेर, शेतांना लागून आहे. फाटकातून आत गेलो आणि बघतो तर काय, या रिंगपासून त्या रिंगपर्यंत सिमेंटचं अख्खं कोर्ट सोयाबीननं झाकलेलं! मधोमध एक गृहस्थ फावडं टेकवून उभे. कडेला हिमायतनगरच्या आठ पोरी खेळाच्या कपड्यांत, मान खाली घालून.

हे गृहस्थ म्हणजे मारोतराव, तिथल्या कर्णधाराचे, ज्योतीचे वडील.

"बाई, हे तुमचं मैदान असंल," ते म्हणाले, "आमचं खळं हाय. वरती आभाळ बघून राहिले ना? आज ऊन न्हाई भेटलं तर बुरशी धरंल. मग मोंढ्यात कोण हात लावंल मालाला?"

"पण तारीख महिन्याआधी कळवली होती."

"तारीख तुम्ही काढली. सोयाबीनला इचारली का?"

चपराकच बसली हो! मी राहते लातूरला, मोंढ्यापासून, म्हणजे धान्यबाजारापासून, हाकेच्या अंतरावर. या दिवसांत आमच्या गल्लीतून सोयाबीनच्या गाड्या हलत नाहीत, आणि मी मात्र शेवटची तारीख ऐन सुगीत टाकून मोकळी. चूक शंभर टक्के माझी. आणि त्या चुकीपायी आठ मुली लीगबाहेर जाणार होत्या.

बरं, तारीख पुढं ढकलावी तर मुरुडचं काय? गणपतीत त्यांच्या कोर्टावर मांडव होता, तेव्हा त्यांची ठरलेली तारीख मी एक दिवससुद्धा पुढं ढकलू दिली नव्हती. रडकुंडीला आले होते बिचारे. लातूरच्या दोघीतिघी हळूच कुजबुजल्या, "मॅडम, मग गुण आपल्याला ना?" मी असं बघितलं की त्या थेट नळावर पाणी प्यायला गेल्या. सामना आज होणार आणि इथंच होणार, एवढं माझं ठरलं होतं. कसा, ते मात्र मला ठाऊक नव्हतं.

तोंड उघडलं ते ज्योतीनं.

"आबा, तीन वाजले की शाळेची सावली पार मधल्या रेघेपर्यंत येती. गेल्या साली राखण करायला मीच बसले होते ना? सावलीतलं काय वाळतंय? ते सगळं उन्हाच्या अर्ध्यावर घे. सावलीतलं अर्धं आम्हाला दे."

"थर जाड होईल की."

"होऊ दे. पाय मारायला सोळा पोरी हाईत."

पाय मारायचे म्हणजे दाण्यांतून पाय ओढत चालायचं, खालचा दाणा वर येतो. शिवलीला कुरकुरली, "ओ, आम्ही पाहुण्या आहोत!" पण बूट सगळ्यांत आधी तिनंच काढले.

मारोतरावांनी आभाळाकडं बघितलं, शाळेकडं बघितलं. मग फावडं उचलून म्हणाले, "हाव. पण दाणा सांडायचा न्हाई."

अर्ध्या मैदानावर तिघी विरुद्ध तिघी असा रीतसर खेळ असतो, मी काही नवीन शोधलं नाही. तरी मुरुडच्या कोचला तिथूनच फोन लावला. ते म्हणाले, "अर्धं तर अर्धं, मॅडम, पण आजच खेळवा. न्हाईतर आम्हाला उगाच पिळलं म्हणायचं!"

तीनला सावली आली. एका अर्ध्यात सहा जणी खेळत होत्या, दुसऱ्या अर्ध्यात दोन्ही संघांच्या उरलेल्या दहा जणी अनवाणी पाय ओढत, आरडाओरडा करत होत्या. बॉल दाण्यांत गेला की खेळ थांबवायचा, असा नियम मी जागेवर केला. पहिल्यांदा बॉल गेला तेव्हा मारोतरावांनी तो असा भिरकावला की थेट शिवलीलाच्या खांद्यावर आदळला. दुसऱ्यांदा त्यांनी तो नीट ज्योतीच्या हातात दिला. तिसऱ्यांदा बॉल हातात घेऊन माझ्यापुढंच उभे राहिले.

"बाई, आत्ता त्या लातूरच्या पोरीनं ढकललं न्हाई का हिला? तुम्ही शिट्टी घेऊन करून काय राहिले?"

खरं सांगू, ढकललंच होतं, मला दिसलं नव्हतं. ज्योतीनं तोंडावर हात धरला. तिला हसू आवरत नव्हतं.

एकवीस-अठरानं लातूर जिंकलं. हिमायतनगर हरलं पण लीगमध्ये राहिलं. पाऊस काही आला नाही. निघताना ज्योतीच्या आईनं सोळाही पोरींना शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी दिली आणि मला दामटून दोनदा वाढलं.

मुक्काम नांदेडला, गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासात. ओळखपत्र सोबत ठेवा. लंगरमधली डाळ चुकवू नका. पोरी ताटावरच पेंगत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचले आणि आधी नियमांची वही काढली. पुढच्या वर्षीच्या तारखा पेरणी-सुगी विचारून ठरवायच्या, असं लिहिलं. घरच्या सामन्याचा नियम तसाच ठेवला. तो मी मरेपर्यंत काढणार नाही. आपल्या बापाला रेफरीशी भांडताना बघून ज्योती ज्या ताठ मानेनं रिंगकडं वळली, ते माझ्या नशिबी नव्हतं. आठवलं की आनंद होतो आणि थोडा हेवाही वाटतो.

आठवड्यानं अनोळखी नंबरवरून फोन आला.

"बाई, मी मारोती. ज्योतीचा बाप."

"बोला. माल वाळला ना?"

"वाळला, मोंढ्यात गेला बी. एक काम होतं. फावड्यानं त्या पांढऱ्या रेघा पार पुसल्या गेल्या. रंग आणून ठेवला हाय. कोणती रेघ कुठं असती ते सांगा, लिहून घेतो."

मी वही ओढली. "अर्ध्या मैदानाच्या सांगू?"

"अर्ध्याच्या कशाला?" ते म्हणाले. "सगळ्या सांगा."