सडलेल्या भुंगेऱ्याची जात

दोन दिवसांची पावसाची झड सकाळी थांबली, पण हवा ओल्या चादरीसारखी अंगाला चिकटत होती. अशा हवेत टाचणीवरच्या किड्यांना बुरशी धरते. म्हणून प्रतापनगरातल्या कीटकांच्या प्रयोगशाळेत आल्याआल्या यमुताईंनी लाकडी पेट्यांतल्या डांबरगोळ्या बदलायला घेतल्या. झाडूपोछा करायला म्हणून लागलेल्या या बाईला इथं एकोणीस वर्षं झाली होती. किडे चिरून उघडायचं काम त्या बघता बघता शिकल्या.

तेवढ्यात नरखेडकडचे बाबाराव बरणी घेऊन हजर. झाकण निघताच प्रयोगशाळेतल्या कीटकतज्ज्ञ सोनिका मॅडमनी नाकाला ओढणी लावली. हुमणीचे, म्हणजे जमिनीत मुळं खाणाऱ्या अळीचे, भुंगेरे बाबारावांनी ओल्या कापसात जपून आणले, अन् त्या ओलीनंच त्यांचा पार चिखल झाला होता.

"हे फेका. ताजे आणा."

"तोवर उशीर होईन जी! आज उघडीप पडली, सांजेले बाकीचे भुंगेरे जमिनीतून निघतेच. दोन दिवसांत अंडे घालून मोकळे."

बाबारावांची संत्र्याची नवी कलमं मुळापासून कुरतडली जात होती. अन् हुमणीच्या दोन जाती दिसायला सारख्याच. एक वासाच्या सापळ्यात येते, दुसरी ढुंकूनही बघत नाही.

"फेकू नोका मॅडम," यमुताई म्हणाल्या. "मांस सडलं. ते आपण तसंही कॉस्टिक सोड्यात गाळतोच. जात कळते नराच्या मागच्या टणक भागावरून, तो थोडीच सडते?"

अकरा भुंगेरे धुऊन निघाले. नऊ माद्या, एक नर चेंदलेला, एकच नर धड राहिलेला. यमुताईंनी आधी गाव अन् तारीख चिठ्ठीवर लिहिली.

"चिठ्ठी पहिले काहून?" बाबाराव.

"मुडदा आहे भाऊ. गाव नसलं तं बेवारस होते."

मग टोक वाकवलेली टाचणी मागच्या बाजूनं आत गेली. यमुताईंनी श्वास धरला. तांदळाच्या कणीएवढा तपकिरी तुकडा अख्खा बाहेर आला. गरम कॉस्टिकमध्ये वीस मिनिटं, मग ग्लिसरीनचा थेंब, मग सूक्ष्मदर्शक. मॅडमनी तुकडा पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिला, पुन्हा पाहिला.

"सापळ्यात येणारी नाही ही. भुंगेरे पाला खायला निंब-बाभळीवर बसतात; आज संध्याकाळी ती झाडं हलवा, खाली चादरी अंथरा. पडतील ते रॉकेलच्या पाण्यात टाका."

"म्हणजे रातभर झाडं हालवत बसू? लय काम लावलं बाई तुम्ही!" बाबाराव उठलेच, एसटी गाठायची होती.

"सापळे टांगून झोपले असते, तं कलमं गेली असती," यमुताई म्हणाल्या.

"ताई, मी तर फेकणारच होते," मॅडम हळूच म्हणाल्या.

"नाक दाबून कोणाले दिसते मॅडम?"

मॅडम हसल्या. यमुताईंनी पदर खोचला अन् मोरीत साचलेल्या काचनळ्या घासायला बसल्या.