भोंग्याचं स्वागत

रुग्णालयाचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या त्या गृहस्थाला सगळे भोंगा म्हणत. गप्प बसणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. लिफ्टमध्ये एकटा सापडला तर तो लिफ्टशी बोले. “तुझं बोलणं म्हणजे गळका नळ,” त्याची ताई म्हणायची, आणि वर त्याचंच ऐकत बसायची.

शेवटी त्याने रुग्णालयाच्या मुख्य कॉम्प्युटरलाही वाचा दिली. कुणीही लॉगिन केलं की एक सुरुवातीची फाइल आपोआप चालते. तिच्यात त्याने घातलं: ‘या, या! बसा. चहा सांगू की कामाचं बोलू?’ नर्स हसल्या, डॉक्टरही हसले. मग काय, स्वारी चढली घोड्यावर! ते स्वागत त्याने झाडून सगळ्या लॉगिन-खात्यांना लावलं.

दुसऱ्याच सकाळी ताई न्हाणीघरात कोसळली. भोंग्याच्याच रुग्णालयात स्कॅन निघाला: मेंदूत रक्तस्राव. मोठ्या शहरातल्या सर्जनने स्कॅन पाहून ‘आणा’ म्हटलं, तरच अॅम्ब्युलन्स निघणार होती. एरवी तिकडचा कॉम्प्युटर इकडे लॉगिन करून स्कॅन ओढून घेई. आज तो येऊन रिकाम्या हाताने परतत होता.

“अहो बाई, लॉगिन होतंय! मी करून पाहिलं,” भोंगा फोनवर ओरडला.

“आमचं नाही होत. तुमची लाइन तपासा,” तिकडची ऑपरेटर म्हणाली.

त्याने केबल बदलली, पासवर्ड बदलला, नेटवर्कवाल्याच्या पूर्वजांचा उद्धार केला. दारात भावोजी ताईची चप्पल हातात धरून उभे होते. “जातंय का रे?”

“जातंय, भावोजी, जातंय.”

दुपार कलली तेव्हा त्याला विचारायचं सुचलं, “बाई, पडद्यावर नेमकं काय येतंय? वाचा.”

“येतंय की, आलेला निरोप फार लांब आहे.”

भोंगा गप्प झाला. तिकडचा कॉम्प्युटर स्कॅन मागत होता आणि इकडचा त्याला चहा विचारत होता. माणूस अशा थट्टेला हसतो; यंत्राने ती उत्तर म्हणून गिळली आणि त्याला ठसका लागला.

त्याने स्वागताच्या ओळी पुसल्या. स्कॅन तत्क्षणी गेला.

सर्जनचा फोन आला. “आता हलवू नका. सकाळी मिळाला असता, तर आणा म्हटलं असतं.”

ताई संध्याकाळी गेली.

“अडलं कशात होतं रे?” भावोजींनी विचारलं.

“मशीन,” भोंगा म्हणाला.

भावोजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “तू मात्र शर्थ केलीस हो.”