नकाशेकाकांचं वाळवंट

नकाशेकाका टेक्सासमधल्या प्लेनोत चार वर्षं राहूनही शेवटपर्यंत रस्ता चुकायचे, पण जगात कुठेच नसलेल्या एका वाळवंटातली विहीर न् विहीर त्यांना तोंडपाठ होती. संध्याकाळी पाय मोकळे करायला निघाले की परतताना हमखास दुसऱ्याच कुणाच्या दारात जाऊन उभे राहत. आमची ओळख अशीच झाली. मी दार उघडलं तर समोर कानटोपी घातलेले सत्तरीचे गृहस्थ. "हे माझ्या मुलीचं घर नाही," असं त्यांनीच मला समजावलं. "इथे नुसती घरं आहेत रे, खुणा नाहीत." मी त्यांना पाच घरं पलीकडे सोडून आलो.

नागपूरला ते सरकारी खात्यात विहिरींसाठी जमिनीतलं पाणी शोधायचे. काकू गेल्यावर मुलगी मेधाताई त्यांना इकडे घेऊन आली. इथे गाडी चालवता येत नाही म्हणजे माणूस घरातच अडकला. दिवसभर घरी कुणी नसे. मग त्यांनी कादंबरी लिहायला घेतली. टपालात येणाऱ्या जाहिरातींचे पाठकोरे कागद जमवून त्यावर आधी नकाशे काढले, म्हणून ते नकाशेकाका. दर शनिवारी मी त्यांना लायब्ररीत नेत असे आणि वाटेत ते त्या आठवड्याचं प्रकरण सांगत. मी पुण्याहून आलेला, एकटा राहणारा. शनिवारची वाट त्यांच्यापेक्षा मीच जास्त बघायचो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

पाण्याच्या बाबतीत ते फार कडक होते. मी अर्धी बाटली गाडीत विसरलो की म्हणायचे, "माझ्या कादंबरीतल्या मोहिमेत असतास तर तिसऱ्या दिवशी गेला असतास." एकदा नातीने विचारलं, "आबा, व्हाय डोंट दे जस्ट यूज जीपीएस?" काकांनी मान वर न करता उत्तर दिलं, "बॅटरी संपली." पुढच्याच शनिवारी मोहिमेतल्या एकाच्या खिशात बंद पडलेला फोन आला. चुका मान्य करण्याची त्यांची ही पद्धत होती.

कादंबरी थोडक्यात अशी. सहा जणांची एक मोहीम वाळवंटात शिरते आणि जगापासून तुटलेल्या एका जमातीच्या वस्तीत पोचते. त्या लोकांची श्रद्धा अशी, की वस्ती सोडून गेलेलं माणूस मरत नाही, ते चालत असतं. मात्र रोज सांजेला वाळूकडे तोंड करून त्याच्या नावाने हाक मारावी लागते. हाक थांबली की ते जिथे असेल तिथे खाली बसतं. मोहिमेतल्यांनी तर वाटेत, एका कोरड्या विहिरीपाशी, गेलेल्या साऱ्यांची हाडं पाहिलेली. सोळाव्या प्रकरणात ते तसं सांगून टाकतात. सतराव्यात जमात हाका मारणं थांबवते की नाही, इथेच काकांचं घोडं पेंड खात होतं. पाच महिने त्यांनी एक ओळ लिहिली नाही.

कारण मला ठाऊक होतं. काकांचा मुलगा सुहास सिएटलला असतो. आई गेली तेव्हा त्याचे व्हिसाचे कागद अडकले होते. अमेरिकेबाहेर पाऊल टाकलं असतं तर परत येता आलं नसतं. तो अंत्यसंस्काराला गेला नाही. काका फोनवर त्याला म्हणाले, "आता येऊच नकोस, मी गेल्यावरही." तेव्हापासून त्याने त्यांचा फोन उचलला नव्हता. काका मात्र दर रविवारी करत. मी तर्री-पोहे खायला त्यांच्याकडे असायचो, आतल्या खोलीतून आवाज यायचा. "सुहास, बाबा बोलतोय. आज आपण बाराव्या विहिरीपाशी पोचलो." व्हॉइसमेलच्या मशीनला सगळं प्रकरण सांगून व्हायचं, नवं काही नसलं तर जुनंच पुन्हा. मग ते बाहेर येत आणि दिवसभर कुणाशी बोलत नसत.

एका रविवारी मेधाताईने मला ओट्यापाशी गाठलं. "यार, तू सांग ना त्यांना. माझं ऐकत नाहीत. तो मेसेजेस डिलीटच करत असणार. दर संडेला त्यांचं हे असं होतं, मला बघवत नाही."

मलाही बघवत नव्हतं. पण तोंडावर सांगायचा धीर नव्हता, म्हणून पुढच्या शनिवारी गाडीत मी लेकी बोले सुने लागे केलं. म्हटलं, "काका, खरं कळल्यावरही ते लोक हाका मारत राहिले तर तो वेडेपणा आहे. त्यांनी थांबवायला हवं."

"असं म्हणतोस?" काका म्हणाले. हायवे संपेपर्यंत ते खिडकीतून बाहेर बघत होते. उतरताना म्हणाले, "बरोबरच बोलून राहिला तू."

त्या आठवड्यात सतरावं प्रकरण लिहून झालं. वस्तीतले लोक सांजेला बाहेर येतात, वाळूकडे बघतात आणि न बोलता घरात जातात. एवढंच, दीड पान. रविवारचा फोनही बंद झाला. मेधाताईने मला थँक्स म्हटलं. काका शांत झाले, आणि आम्हा दोघांनाही ते बरं वाटलं. संध्याकाळी बाहेर पडणंही त्यांनी सोडलं. चार महिन्यांनी, दुपारी खुर्चीत बसल्या बसल्याच ते गेले.

सुहास आला. अंत्यसंस्कारानंतर पार्किंगमध्ये त्याने मला बाजूला घेतलं. वडिलांसारखाच उंच, आवाजही तोच.

"बाबा तुम्हाला स्टोरी सांगायचे ना? मला सिक्स्टीन्थ चॅप्टरपर्यंतच माहितीये."

"तुम्ही ऐकत होता?"

"सगळे व्हॉइसमेल. दोन-दोनदा. उलट कॉल करायला धीर होत नव्हता. वाटायचं, पुढच्या संडेला करू. मग ते यायचेच बंद झाले." त्याने विचारलं, "त्या लोकांनी थांबवल्या का हो हाका?"

सतरावं प्रकरण माझ्याकडेच होतं. टाइप करायला म्हणून काकांनी दिलेलं.

"नाही," मी म्हणालो. "मारत राहिले."

त्याने मान हलवली. त्याला ते पटलेलं दिसलं. मग म्हणाला, "मग माझ्याच बाबतीत बाबांनी का थांबवलं?"

तो उत्तराची वाट बघत उभा होता. सतरावं प्रकरण अजून माझ्याकडेच आहे, टाइप न केलेलं.